लाइन गेल्यावर निरोप थांबतो कुठे?

प्रश्न: आमच्या शेतकरी गटाचं सगळं व्हॉट्सॲपवर चालतं, थ्री फेजच्या पाळ्या, फवारणी, कापसाचा भाव. एक जण म्हणतो, सर्व्हरवर, म्हणजे कंपनीच्या मधल्या संगणकावर, निरोप वाचतात. फोन-ते-फोन थेट चालणारं ॲप घ्या, टॉवर बंद पडला तरी चालतं. खरं का? (एक वाचक, दारव्हा तालुका)

उत्तर: वाचतात हे चूक. एप्रिल २०१६ पासून व्हॉट्सॲपचा निरोप पाठवणाऱ्याच्या फोनमध्ये कुलूपबंद होतो आणि घेणाऱ्याच्याच फोनमध्ये उघडतो. सर्व्हर फक्त बंद पाकीट सांभाळतो. समोरचा फोन बंद असेल तर ३० दिवसांपर्यंत. कोण कोणाशी कधी बोललं, हे मात्र त्याला कळू शकतं.

थेट ॲपमध्ये पाकीट सांभाळायला मधे कोणीच नाही, म्हणून दोन्ही फोन एकाच वेळी सुरू लागतात. रात्रीच्या पाळीवर ओलीत करून आलेला माणूस सकाळी झोपलेला, फोन बंद. तुम्ही निरोप टाकून वावरात गेलात, तिथे रेंज नाही. तो उठून फोन सुरू करतो तेव्हा तुमचा लागत नाही. निरोप तुमच्याच फोनमध्ये पडून. शिवाय मोबाइल कंपन्या पुष्कळ ग्राहकांना मिळून इंटरनेटवरचा एकच सार्वजनिक पत्ता (आयपी पत्ता) देतात; त्यामुळे दोन फोनची थेट गाठ बरेचदा पडत नाही आणि मधे निरोप पुढे पोचवणारा रिले सर्व्हर घ्यावाच लागतो. ॲप सतत जागं राहिलं तर बॅटरी खातं. बॅटरी सेव्हरने झोपवलं तर निरोप येत नाही.

टॉवरशिवाय ब्लूटूथवर चालतं, पण साधारण १० मीटर. भिंत आली की आणखी कमी. तेवढ्यात हाक मारलेली बरी. त्यातलं नावाजलेलं ब्रायर तर मे २०२३ मध्ये केंद्राने बंद केलेल्या १४ ॲपमध्ये आहे.

तुमचे निरोप कुठून फुटत असतीलच तर बॅकअपमधून, म्हणजे जपून ठेवलेल्या प्रतीतून. सेटिंग्ज, चॅट्स, चॅट बॅकअप इथे जाऊन एंड-टू-एंड एन्क्रिप्टेड (कुलूपबंद) बॅकअप सुरू करा. नाहीतर गूगल ड्राइव्हवरच्या प्रतीला हे कुलूप नसतं. पासवर्ड वहीत लिहून ठेवा, विसरलात तर कंपनीही तो बॅकअप उघडून देऊ शकत नाही.

प्रश्न: गटातल्या एकाचा ‘सुरक्षा कोड बदलला’ असं दिसतं. हॅक झालं का?

उत्तर: बहुतेक वेळा नवा फोन घेतलेला असतो किंवा ॲप पुन्हा टाकलेलं असतं. त्याला साधा कॉल करून विचारा. यातलं काहीच केलं नाही म्हणाला, तर त्याने लगेच आपल्या नंबरवर ओटीपी घेऊन पुन्हा नोंदणी करावी आणि टू-स्टेप व्हेरिफिकेशनचा ६ अंकी पिन लावावा. तोवर त्याच्या नावाने कोणी पैसे मागितले तर पाठवू नका.