घास अडकतो, तेव्हा

प्रश्न : ताई, माझे वडील मागच्या वर्षी अन्ननलिकेच्या कॅन्सरने गेले. निदान झालं तेव्हा आजार यकृतापर्यंत पोचला होता. आम्ही भावंडं आणि वडिलांचे मित्र मिळून एक पदयात्रा काढून निधी जमवणार आहोत. गटात दोन मतं आहेत. काहींचं म्हणणं, अन्ननलिका, जठर, स्वादुपिंड असं सांगत बसू नका, नुसतं ‘कॅन्सरसाठी’ म्हणा, पैसे जास्त जमतील. आणि जमलेले पैसे संशोधनाला द्यावेत की रुग्णांना, यावरही एकमत होत नाही. तुमचं मत काय?
— एक वाचक

उत्तर : नाव घ्याच. अन्ननलिका, जठर, स्वादुपिंड, तिन्ही नावं फलकावर मोठ्या अक्षरांत लिहा.

मी शस्त्रक्रिया विभागात आहारतज्ज्ञ म्हणून काम करते आणि माझे बहुतेक रुग्ण याच आजारांचे असतात. स्तनाच्या कॅन्सरबद्दल आज उघडपणे बोललं जातं, त्यात बऱ्या झालेल्या बायकांचा फार मोठा वाटा आहे. त्या पुढे आल्या, बोलल्या, निधीसाठी झटल्या. आमच्या रुग्णांमध्ये इतकी वर्षं बोलत राहायला फार थोडे उरतात. 2022 मध्ये जगभरात स्वादुपिंडाच्या कॅन्सरचे सुमारे 5 लाख 11 हजार नवे रुग्ण नोंदले गेले आणि त्याच वर्षी या आजाराने सुमारे 4 लाख 67 हजार माणसं गेली. अन्ननलिकेचे आकडे जवळपास असेच आहेत. जठराचे नवे रुग्ण 9 लाख 70 हजारांच्या आसपास, मृत्यू 6 लाख 60 हजार. म्हणून हे बोलणं तुमच्यासारख्या घरच्यांवर येतं. ‘कॅन्सरसाठी’ एवढंच म्हणालात, तर यांचा आवाज पुन्हा गर्दीत हरवेल.

आता पत्रकात काय लिहायचं ते. फितीचा रंग, टी-शर्ट हे सगळं शेवटी ठरवा. आधी लक्षणं लिहा, आणि ती घरात जशी दिसतात तशी लिहा. ‘गिळण्यास त्रास’ असं छापलं तर वाचणाऱ्याला ते स्वतःबद्दल वाटतच नाही. मी जेवणाची चौकशी करते तेव्हा रुग्ण म्हणतो, ‘खाणं ठीक आहे.’ शेजारी बसलेली बायको सांगते, की हल्ली यांना जेवायला सगळ्यांपेक्षा दुप्पट वेळ लागतो, प्रत्येक घासाला पाणी लागतं, कोरडं काही नको म्हणतात, सगळं कालवून पातळ करून घेतात. अन्ननलिका हळूहळू अरुंद होत असते आणि माणूस नकळत जेवण बदलत जातो. आधी घट्ट पदार्थ अडकतात, मग मऊ, शेवटी पाणीसुद्धा. हे जेवायला सोबत बसणाऱ्याच्या लक्षात आधी येतं, म्हणून पत्रक त्याच्यासाठीही लिहा. दोन घासांत पोट भरणं, कारण नसताना वजन उतरणं, शौचाला काळं, डांबरासारखं होणं, थांबत नाहीत अशा उलट्या, हेही लिहा. स्वादुपिंडासाठी वेगळी ओळ हवी : न दुखता झालेली कावीळ, पोटातून पाठीत जाणारी कळ येणं, उतारवयात अचानक लागलेला मधुमेह आणि सोबत घटणारं वजन. आणि एक वाक्य ठळक करा : अशा लक्षणांवर आम्लपित्ताच्या गोळ्या घेत महिने काढू नका, गोळीने त्रास दबतो आणि तपासणी लांबते.

तंबाखू आणि दारूबद्दल जरूर लिहा, पण दोष देऊ नका. पदयात्रेत येणाऱ्यांत कुणाचे तरी वडील, कुणाची तरी आई याच आजाराने गेलेली असेल, आणि त्यांतल्या कितीतरी जणांनी आयुष्यात तंबाखूला हात लावलेला नसेल.

पैशांबद्दल माझं मत एकतर्फी आहे, ते तसंच समजून घ्या. मी रुग्णांच्या पोषणाला देईन. केमोथेरपी आणि मोठी शस्त्रक्रिया झेपायला अंगात बळ लागतं आणि हा आजार पहिला घाला जेवणावरच घालतो. कुणाला थेट आतड्यात घातलेल्या नळीतून अन्न द्यावं लागतं. ते घरी कसं द्यायचं, नळी तुंबली तर काय करायचं, हे घरच्यांना शिकवणारं माणूस लागतं. संपूर्ण जठर काढलेल्याला बी-12 ची इंजेक्शनं जन्मभर लागतात. स्वादुपिंडाची शस्त्रक्रिया झालेल्या अनेकांना जेवताना पाचक एन्झाइमच्या कॅप्सूल घ्याव्या लागतात. हे खर्च बारीक वाटतात, पण संपत नाहीत, आणि त्यासाठी देणगी मागायचं कुणाला सुचत नाही.

म्हणून संशोधन कमी मोलाचं, असं मी म्हणणार नाही. बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरन यांनी जठरातला हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जंतू शोधला. मार्शल यांनी 1984 मध्ये तो स्वतः पिऊन पाहिला, 1994 मध्ये तो जठराच्या कॅन्सरचं कारण म्हणून मान्य झाला आणि 2005 मध्ये दोघांना नोबेल मिळालं. आज तो प्रतिजैविकांनी घालवता येतो. तुमच्यातल्या कुणाला संशोधनच जवळचं वाटत असेल, तर निधीचे दोन भाग करा, पण पावती फाडण्याआधी करा. पैसे कुणाच्या वैयक्तिक खात्यात घेऊ नका. ज्या संस्थेला पैसे द्याल तिच्याकडून लेखी घ्या, की ही रक्कम याच आजारांसाठी, याच कामाला लागेल. जमा-खर्च देणाऱ्यांना दाखवा. एखाद्या रुग्णाचा फोटो वापरायचा असेल तर त्याची स्वतःची परवानगी हवी, डॉक्टरांची पुरत नाही.

प्रश्न : अशी पत्रकं वाचून भीती वाटते. मला वर्षानुवर्षं आम्लपित्त आहे. सगळ्यांनीच दुर्बिणीची तपासणी करून घ्यावी का?
— एक वाचक

उत्तर : नाही. दक्षिण कोरियात चाळिशीनंतर दर दोन वर्षांनी जठराची तपासणी करतात, कारण तिथे हा आजार फार आहे. सगळीकडे तशी गरज नसते. पण तुमचा त्रास वर्षानुवर्षांचा आहे, म्हणून एकदा डॉक्टरांशी नीट बोला. वय, तंबाखू, घरात कुणाला झालेला आजार हे सगळं सांगा. घास अडकत असेल किंवा वजन उतरत असेल तर मात्र थांबू नका. घशात बधीर करणारा फवारा मारतात, तपासणी काही मिनिटांत होते. उपाशीपोटी जायचं आणि सोबत कुणाला तरी न्यायचं.