पक्ष्यांबद्दलची कोणती गोष्ट कळल्यावर तुम्ही चकित झालात?

सुगरणीचा खोपा मादी विणतच नाही, नर विणतो. हे मला तिशी उलटल्यावर कळलं, तेही आमच्याच विहिरीवर!

निपाणीजवळ आमचं शेत आहे. विहिरीवर झुकलेली एक जुनी बाभळ, आणि पावसाळा लागला की तिला खोपेच खोपे. आज्जी म्हणायची, "बघ, एवढीशी पाखरी घर कसं सांभाळती." मीही तेच धरून चाललो होतो.

एका जुलैत भांगलणीच्या बायका यायच्या होत्या, म्हणून बांधावर बसून होतो. समोर उसाच्या पानावर एक पाखरू बसलं. डोकं हळदीसारखं पिवळं, तोंड काळपट. विणीच्या हंगामात असा रंग नरालाच येतो. त्यानं पानाच्या कडेला चोचीनं खाच पाडली, कड चोचीत धरली आणि तसाच उडाला. सर्रकन लांब दशी निघून आली! मग बाभळीवर ती पायाखाली दाबून आत-बाहेर ओवत बसला. एका खोप्याला अशा 500 पर्यंत खेपा होतात, आणि पुरा व्हायला साधारण 18 दिवस लागतात.

मादी येते ती मधेच, खोपा उपड्या टोपीएवढा झालेला असताना. आत शिरते, निरखते, पसंत नसेल तर सरळ निघून जाते. पसंत पडला तरच नर खालची लांब नळी विणतो, आणि लगेच दुसरा खोपा धरतो, दुसऱ्या मादीसाठी. अंडी उबवणं, पिलांना भरवणं बहुतेक तिच्याच गळ्यात. तेव्हा आज्जीचं अगदीच चुकलं नव्हतं. सलीम अलींनी अलिबागजवळ किहीमला हा सगळा संसार बारकाईनं पाहिला आणि 1931 साली लिहून प्रसिद्ध केला.

खोप्यात उजेडासाठी काजवे चिकटवतात, असंही आमच्याकडं सांगतात. वाऱ्यानं पडलेला एक खोपा मी उकलून बघितला. आत भिंतीला वाळलेल्या चिखलाचे गोळे होते, काजवा एकही नाही.

मला वाटतं, घोळ आपल्या भाषेतच आहे. 'सुगरण' म्हटलं की बाईच डोळ्यांपुढं येते. कोकिळेचंही तेच. 'कुहू' म्हणणारा तो काळाकुळकुळीत नर असतो. मादी तपकिरी, पांढऱ्या ठिपक्यांची, आणि तिचा आवाज नुसता 'किक-किक'. शेजारच्या रानातले कन्नड बोलणारे काका सुगरणीला 'गीजग' म्हणतात. कन्नडात पशुपक्षी सगळे नपुंसकलिंगी, त्यामुळे नर की मादी हे नावावरून ठरतच नाही, पाखरू बघूनच ठरवावं लागतं.

तुमच्या आसपास विहिरीवर बाभळ असेल तर जुलै-ऑगस्टात सकाळी तासभर बसा. खोपे बहुतेक झाडाच्या पूर्वेच्या अंगाला सापडतील, कारण पावसाळी वारं पश्चिमेकडून येतं.