वाट सापडली की दाखवली?

प्रश्न : शाळेच्या पुस्तकात ‘वास्को द गामाने १४९८ मध्ये भारताचा सागरी मार्ग शोधला’ असं वाक्य आहे. गुजराती आणि अरब व्यापारी तर त्याच्या कितीतरी आधीपासून आफ्रिकेपर्यंत जात-येत होते. मग याने नेमकं काय शोधलं, असं मुलीने विचारलं आणि मला उत्तर देता आलं नाही.

उत्तर : मुलगी योग्य जागी अडली आहे. मी बत्तीस वर्षं मालवाहू जहाजांवर काढली. त्यामुळे कुठलाही प्रवास कानावर आला की तो कोणत्या महिन्यात झाला आणि वारा कुठला होता, हे मी आधी विचारतो. गामाच्या सफरीला हेच दोन प्रश्न विचारले की तिचे दोन तुकडे पडतात. लिस्बनपासून आफ्रिकेच्या दक्षिण टोकापर्यंतचा पहिला, आणि पूर्व आफ्रिकेतल्या मालिंदी बंदरापासून केरळातल्या कालिकतपर्यंतचा दुसरा.

पहिला तुकडा पोर्तुगीजांनी स्वतः कमावलेला आहे, आणि तो त्यांच्या पदरात टाकलाच पाहिजे. १४३४ मध्ये त्यांचं पहिलं जहाज पश्चिम आफ्रिकेतलं बोजादोर भूशिर ओलांडून पुढे गेलं. बार्तोलोम्यू डायसने आफ्रिकेचं टोक ओलांडलं ते १४८८ मध्ये. मधली ५४ वर्षं केवळ भीतीपायी गेली नाहीत. किनारा धरून दक्षिणेला जाऊ लागलं की पुढे वारा आणि प्रवाह दोन्ही तोंडावर येतात, आणि शिडाच्या जहाजाला तिथे रेटून चालत नाही. गामाने काय केलं, तर केप व्हर्दे बेटं सोडल्यावर किनाऱ्याकडे पाठ फिरवली आणि अटलांटिकमध्ये पार आत शिरला. ऑगस्ट १४९७ च्या सुरुवातीला निघालेल्या त्या चार जहाजांना पुन्हा जमीन दिसली ती नोव्हेंबरमध्ये. तीन महिने नुसतं पाणी! एवढा मोठा वळसा घालून त्याने पश्चिमेकडून येणारे वारे पकडले आणि त्यांच्या पाठबळावर तो आफ्रिकेच्या टोकाशी आला.

दुसरी अडचण ताऱ्याची. विषुववृत्त ओलांडलं की ध्रुवतारा क्षितिजाखाली जातो, आणि त्याच्या उंचीवरून अक्षांश काढण्याची सोय संपते. मग भर दुपारी सूर्याची उंची मोजायची आणि त्या दिवशी सूर्य विषुववृत्ताच्या किती उत्तरेला किंवा दक्षिणेला आहे ते कोष्टकात पाहायचं. अशी कोष्टकं अब्राहम झाकुतो या ज्यू ज्योतिर्विदाने तयार केली होती आणि ती १४९६ मध्ये पोर्तुगालात छापली गेली. त्याच सुमारास पोर्तुगालच्या राजाने ज्यूंना धर्म बदला किंवा देश सोडा असा हुकूम काढला, आणि झाकुतोलाही देश सोडावा लागला. ज्याच्या आकड्यांवर जहाजं चालली, त्यालाच त्या देशात जागा उरली नाही.

आफ्रिकेच्या दक्षिण टोकाजवळचा अगुल्हास प्रवाह मी पाहिला आहे. तो किनाऱ्यालगत नैर्ऋत्येकडे वाहतो आणि समोरून नैर्ऋत्येचा वादळी वारा आला की लाटा भिंतीसारख्या उभ्या राहतात. आमच्या पोलादी जहाजाची नाळ, म्हणजे पुढचं टोक, एकदा अशा लाटेत घुसली, तेव्हा पूल म्हणजे जहाज जिथून चालवतात तो मजला अक्षरशः थरथरला. गामा याच प्रवाहाच्या विरुद्ध जात होता. डिसेंबर १४९७ मध्ये प्रवाहाने त्याची जहाजं मागे रेटली, ती थेट आधी ओलांडलेल्या बेटापाशी. एवढ्याशा लाकडी जहाजांत, ताज्या अन्नाशिवाय बसलेल्या त्या माणसांच्या धाडसाला मी कधीच कमी लेखणार नाही.

पण मालिंदीला पोचल्यावर गोष्ट बदलते. तिथल्या राजाने त्याला वाटाड्या दिला. २४ एप्रिल १४९८ ला जहाजं निघाली आणि २० मे रोजी कालिकतजवळ नांगर पडला. चार आठवड्यांच्या आत! पोर्तुगीज इतिहासकार जुआंव द बारुश या वाटाड्याला ‘मालेमो काना’ म्हणतो आणि तो गुजराती होता असं सांगतो. हे नाव मुळात हुद्दा आहे. अरबी ‘मुअल्लिम’ म्हणजे जाणकार, शिकवणारा. आणि ‘काना’मागे आपला ‘गणक’ आहे, असं अभ्यासकांचं म्हणणं. प्रसिद्ध अरब नाविक इब्न माजिद हाच तो वाटाड्या, ही समजूत बरीच वर्षं चालली, आता ती मानली जात नाही. बारुशच सांगतो की गामाने मोठ्या कौतुकाने आपलं लाकडी अस्त्रलाब, म्हणजे सूर्य-ताऱ्यांची उंची मोजायचं यंत्र, दाखवलं, तर त्या माणसाला काहीच नवल वाटलं नाही.

वाटलं नाही, कारण त्याच्याकडे कमाल होता. कमाल म्हणजे तळहाताएवढी लाकडी फळी, मधोमध भोक आणि त्यातून ओवलेली गाठींची दोरी. दोरीची गाठ दातांत धरायची, दोरी ताणली जाईपर्यंत फळी डोळ्यांसमोर लांब न्यायची, खालची कड क्षितिजाला लावायची. वरच्या कडेला ध्रुवतारा टेकला की झालं, त्या गाठीच्या बंदराच्या अक्षांशावर आपण आलो. मी एकदा हौसेने असा कमाल करून रात्रपाळीत डेकवर वापरून पाहिला. जहाज हलत असतानाही अंदाज फार चुकला नाही.

परतीच्या प्रवासात तर सगळं उघड होतं. मोसम उलटेपर्यंत थांबायचं, ईशान्येचा वारा धरायचा आणि मग आफ्रिकेकडे निघायचं, हे त्या समुद्रावरच्या साध्या खलाशालाही ठाऊक होतं. गामा ऑगस्टअखेर कालिकतहून निघाला, आणि कारवारजवळचं अंजदीव बेट सोडून त्याने समुद्र ओलांडायला घेतला तो ५ ऑक्टोबरला. वारा पडलेला, नाहीतर समोरून. जाताना ज्याला चार आठवडेही लागले नव्हते, त्याला येताना जवळजवळ तीन महिने लागले. हिरड्या सुजून, पाय सुजून तीसेक माणसं वाटेतच मेली. जहाजं चालवायला हात उरले नाहीत, म्हणून ‘साव राफायल’ हे जहाज जाळून टाकावं लागलं. तोच समुद्र आणि तीच जहाजं होती, फक्त वाऱ्याचं पंचांग सांगणारा माणूस सोबत नव्हता.

मुलीला सांगा : त्याने अटलांटिकमधून आमच्या समुद्राच्या दारापर्यंतची वाट शोधली. दाराच्या आतली वाट त्याला दाखवली गेली.

प्रश्न : पोर्तुगीज ‘कार्ताझ’ द्यायचे, म्हणजे काय? समुद्र कोणाच्या मालकीचा कसा असू शकतो?

उत्तर : हा प्रश्न मला फार जवळचा आहे, कारण जहाजाची कागदपत्रं सांभाळण्यात माझी उमेदीची वर्षं गेली.

कार्ताझ हा परवाना. जहाजाचं नाव, नाखव्याचं नाव, शस्त्रं किती, जाणार कुठे, हे त्यात लिहिलेलं असे. मिरीसारखा त्यांनी स्वतःसाठी राखलेला माल भरायचा नाही, आणि वाटेत त्यांच्या ठाण्यावर जकात भरूनच पुढे जायचं. कार्ताझ नसलेलं जहाज दिसलं की जहाज आणि माल दोन्ही जप्त.

याआधी बंदरात जकात होती, चाचेगिरीही होती. समुद्र काही सोवळा नव्हता. पण बंदर सोडल्यावर लाटांवरून जाण्याचा परवाना मागणारं कोणी नव्हतं. कालिकतची भरभराट तर सगळ्यांना दार उघडं ठेवण्यातूनच झाली होती. गामाने तिथल्या राजासाठी, म्हणजे सामुद्रीसाठी, पट्ट्यापट्ट्यांचं कापड, टोप्या, पोवळ्याच्या माळा, हात धुण्याची भांडी, साखर, तेल आणि मध असा नजराणा आणला. दरबारचे लोक तो पाहून हसले. मक्केहून येणारा गरिबातला गरीब व्यापारीसुद्धा याहून जास्त देतो, असं ते म्हणाले. तिथल्या बाजारात खपेल असा माल पोर्तुगीजांकडे जवळपास नव्हताच. होत्या त्या जहाजावर बसवलेल्या तोफा.

१५०२ मध्ये गामा परत आला तेव्हा त्याने मक्केहून येणारं यात्रेकरूंचं जहाज अडवलं, लुटलं आणि माणसांसकट पेटवलं. त्याच ताफ्यातल्या तोमे लोपिशने ते लिहून ठेवलं आहे. जहाजावरच्या बायका दागिने दाखवून आणि तान्ही मुलं हातांवर उचलून धरून दयेची याचना करत होत्या. कार्ताझचा कागद या दहशतीवर उभा होता. १५१० मध्ये गोवा, १५११ मध्ये मलाक्का, १५१५ मध्ये होर्मुझ अशा मोक्याच्या जागा पोर्तुगीज गव्हर्नर अल्बुकर्कने घेतल्या आणि वाटांच्या तोंडावर पहारे बसले.

अकबराने गुजरात जिंकल्यावरही सुरतेहून मक्केला जाणाऱ्या जहाजांना हा परवाना घ्यावा लागे. त्या कागदावर मरियम आणि येशूची चित्रं असत, आणि हाजला निघालेल्या माणसाला ती जवळ बाळगावी लागतात, हे दुखणं अकबराच्या दरबारातल्या बदायुनी या इतिहासकाराने नोंदवलं आहे. जमिनीवर एवढं बलाढ्य राज्य, पण किनारा सुटला की दुसऱ्याच्या सहीचा कागद लागायचा.

लोकांनी हे मुकाट्याने सोसलं नाही. मलबारच्या कुंजाली मरक्कारांनी, म्हणजे सामुद्रीच्या आरमारप्रमुखांनी, जवळजवळ शंभर वर्षं हलक्या, चपळ होड्यांनी पोर्तुगीजांना हैराण केलं. शेवटी चौथ्या कुंजालीविरुद्ध खुद्द सामुद्री पोर्तुगीजांना जाऊन मिळाला. जीव वाचवण्याच्या बोलीवर शरण आलेल्या कुंजालीला १६०० मध्ये गोव्यात ठार केलं. ही फितुरी मला आजही वाचवत नाही.

प्रश्न : मराठीत पोर्तुगीज शब्द कोणते?

उत्तर : पगार, लिलाव, चावी, पाव, पाद्री, बटाटा, काजू, अननस. यातला बटाटा, काजू आणि अननस मुळात अमेरिकेतले. त्यांची नावंही तिकडच्याच लोकांच्या तोंडची, पोर्तुगीजांच्या जिभेवरून आपल्याकडे आली.

प्रश्न : डच आणि इंग्रज कंपन्या तर व्यापारी होत्या. व्यापारी राज्यकर्ते होतात, हे तेव्हा कोणाच्याच लक्षात आलं नाही का?

उत्तर : त्या नुसत्या व्यापारी कंपन्या कधीच नव्हत्या. १६०२ च्या सनदेने डच कंपनीला, आपल्या कागदांतल्या वलंदेजांना, किल्ले बांधायचा, शिबंदी ठेवायचा आणि तह करायचा अधिकार पहिल्या दिवसापासून होता. भांडवल सुमारे ६४ लाख गिल्डर, म्हणजे डच नाणी. त्यात अ‍ॅमस्टरडॅममधल्या एका संचालकाच्या घरी काम करणाऱ्या मोलकरणीचेही १०० गिल्डर होते. मला ही मोलकरीण वारंवार आठवते. तिने पोटाला चिमटा काढून पैसे साठवले असणार.

त्याच भांडवलावर जहाजं आजच्या इंडोनेशियातल्या बांदा बेटांवर गेली. तेव्हा जगातलं जायफळ त्या इवल्याशा बेटांवरच पिकत होतं. बांदाचे लोक जायफळ आणि जायपत्री जावानीज, मलय, अरब, इंग्रज अशा सगळ्यांना विकत आणि बदल्यात हिंदुस्थानचं कापड घेत. ते कापड मिळावं म्हणूनच डचांनी मछलीपट्टण आणि पुलिकतला वखारी घातल्या. पण आपल्याशिवाय कोणाला विकायचं नाही, हा डचांचा हट्ट बांदाच्या लोकांनी मानला नाही. १६२१ मध्ये डच कंपनीचा गव्हर्नर-जनरल यान पीटरझून कून फौज घेऊन उतरला. बेटांवरच्या ४४ प्रमुखांना भाडोत्री जपानी तलवारबाजांकडून मारवलं. सुमारे १५,००० वस्तीपैकी फार थोडे उरले. बाकीचे मारले गेले, उपासमारीने गेले, पळाले किंवा गुलाम म्हणून नेले गेले. मग जमिनीचे तुकडे पाडून डचांना वाटले आणि बागा राखायला बाहेरून गुलाम आणले. त्या मोलकरणीला यातलं काही कळलं असेल, असं मला वाटत नाही.

आपल्याकडे लक्षात आलं होतं, आणि ते लिहूनही ठेवलेलं आहे. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला रामचंद्रपंत अमात्यांनी ‘आज्ञापत्रा’त टोपीकरांवर, म्हणजे युरोपियनांवर, स्वतंत्र मजकूर लिहिला. फिरंगी (पोर्तुगीज), इंग्रज, वलंदेज, फरासीस (फ्रेंच) हे सावकारी करतात खरे, पण इतर सावकारांसारखे नाहीत. प्रत्येकामागे त्याचा राजा आहे आणि त्याच्या हुकमाने हे इथे आले आहेत. हातात आलेली जागा हे सहसा सोडत नाहीत. यांचं बळ आरमार, दारूगोळा आणि तोफा. म्हणून येणं-जाणं ठेवावं, पण वखारीला समुद्राकाठी किंवा खाडीच्या तोंडाशी जागा देऊ नये. द्यायचीच तर आत, मोठ्या शहरात, शहराच्या धाकाखाली राहील अशा सखल जागी द्यावी, आणि पक्की इमारत बांधू देऊ नये.

हे लिहिलं गेलं तेव्हा मुंबई बेट इंग्रजांच्या हाती येऊन पन्नासेक वर्षं होत आली होती, आणि किल्ल्याची भिंत उभी होती.