‘समजलं का?’ विचारलं की तो मान हलवतो

पत्र

माझा मुलगा साडेसात वर्षांचा आहे. बोलणं स्वच्छ, उच्चारात काही खोट नाही. पण सांगितलेलं एक काम धड होत नाही. तीन गोष्टी सांगितल्या तर एक करतो, तीही भलतीच. शाळेत काय झालं विचारलं की ‘ते... ते नाही का... तो म्हणाला मग ते झालं’ एवढंच. बाई म्हणतात, वर्गात लक्ष नसतं. शेजारीण म्हणते, घरी एक भाषा आणि शाळेत दुसरी, म्हणून गोंधळतो. हे म्हणतात, ‘मीही असाच होतो, माझं काय बिघडलं?’ ‘दप्तर ठेवण्याआधी डबा काढ’ हे मी त्याला सलग चार दिवस सांगितलं. चारही दिवस त्याने दप्तर ठेवलं आणि मग डबा काढायला गेला. चौथ्या दिवशी मी त्याला मारलं. तो रडलाही नाही, नुसता माझ्याकडे बघत राहिला. माझं काय चुकतंय?

– एक थकलेली आई

उत्तर

दप्तर आणि डब्याचं ते वाक्य मी दोन-तीनदा वाचलं. ‘दप्तर ठेवण्याआधी डबा काढ.’ कानावर पहिल्यांदा पडतं दप्तर, मग डबा. करायचं मात्र उलट. तुम्हा-आम्हाला हा क्रम फिरवून घ्यायला क्षणही लागत नाही, कारण तो ‘आधी’ आपण पकडलेला असतो. तेवढा शब्द निसटला की काय उरतं? दप्तर ठेव, डबा काढ. तुमच्या लेकाने तेच केलं, चार दिवस, न चुकता. हट्टी मूल रोज नवा हट्ट शोधतं हो. रोज तीच चूक, त्याच क्रमाने, हे हट्टाचं लक्षण मला वाटत नाही. त्याच्या दृष्टीने तो चारही दिवस तुमचं ऐकत होता. मग चौथ्या दिवशी मार का बसला, हेच बहुधा तो तुमच्याकडे बघून शोधत असावा.

पत्रावरून निदान होत नसतं, आणि मी ते करणारही नाही. पण कुठे दाखवायचं ते सांगू शकते. वाचा वेगळी आणि भाषा वेगळी. बोबडं बोलणारं किंवा अडखळणारं मूल पहिल्या मिनिटाला लक्षात येतं आणि कुणीतरी त्याला तज्ज्ञाकडे नेतं. ज्याचे उच्चार स्वच्छ आहेत पण लांब वाक्य डोक्यात उलगडत नाही, हवा तो शब्द वेळेवर सापडत नाही, घडलेलं ओळीने सांगता येत नाही, अशा मुलाच्या वाट्याला निदान येत नाही, विशेषणं येतात. आळशी, धांदरट, लक्ष नाही. माझ्या भाचीला मीच कितीतरी वर्षं ‘वेंधळी’ म्हणत होते, आणि तेही कौतुकाने! आता आठवलं की ओशाळायला होतं.

या अडचणीला विकासात्मक भाषा विकार म्हणतात; तज्ज्ञांच्या तोंडी ‘डीएलडी’ असतं. पूर्वी तिला इतकी वेगवेगळी नावं होती की दोन डॉक्टर एकाच मुलाबद्दल बोलतायत हे कळू नये. इंग्रजीभाषक देशांतल्या तज्ज्ञांनी 2017 च्या सुमारास एका नावावर एकमत केलं. मुलांमध्ये याचं प्रमाण साधारण सात टक्के धरतात, म्हणजे तीस जणांच्या वर्गात दोघं. इतकं सर्रास असून आपण त्याचं नाव ऐकलेलं नसतं, कारण ते दिसत नाही. बुद्धी कमी असण्याशी याचा संबंध जोडू नका. चित्रं, कोडी, यंत्रं यांत यातली काही मुलं पटाईतही असतात.

तुमच्या शेजारणीचं म्हणणं मात्र सोडून द्या. दोन भाषांमुळे हा विकार होत नाही. असला तर तो दोन्ही भाषांमध्ये दिसतो, म्हणून तपासणीच्या वेळी दोन्हींबद्दल सांगा. ‘घरची भाषा बंद करा’ असा सल्ला कुणी दिला तर मुळीच ऐकू नका. ज्या भाषेत तुम्ही रागावता आणि लाडही करता, ती काढून घेतली तर त्याच्याशी बोलायचं कशात?

पहिली तपासणी कानाची. वर्गात हाक मारली की तो वळतो, एवढ्यावर ऐकणं ठीक आहे असं ठरवू नका. कानाच्या पडद्यामागे पाणी साठलं तर ऐकू येणं कमी-जास्त होत राहतं आणि घरात कुणाच्या लक्षात येत नाही. त्यानंतर स्पीच थेरपिस्ट. नाव ‘स्पीच’चं असलं तरी भाषेची तपासणीही तेच करतात. ते त्याला लांब-लांब वाक्यं जशीच्या तशी परत म्हणायला लावतील, अर्थ नसलेले बनावट शब्द म्हणायला सांगतील, चित्रांवरून गोष्ट सांगायला लावतील. बघणाऱ्याला खेळ वाटतो, पण भाषा कुठे अडते ते त्यात उघडं पडतं. जाताना तो घरी काहीतरी सांगत असतानाचा दोन मिनिटांचा व्हिडिओ न्या. अनोळखी खोलीत मुलं गप्प बसतात. वाचनात अडखळत असेल तर तेही सांगा, या दोन अडचणी अनेकदा हातात हात घालून येतात. आणि ‘मोठा झाला की सुटेल’ या आशेवर थांबू नका. अडीच वर्षांच्या उशिरा बोलणाऱ्या मुलाबाबत त्यात थोडं तथ्य असतं, कारण त्यातली बरीच मुलं पुढे बरोबरीला येतात. साडेसातव्या वर्षी ते म्हणता येत नाही.

तपासणीची तारीख मिळेपर्यंत घरात एक गोष्ट आजपासून बदला: तुमची वाक्यं. ज्या क्रमाने काम करायचं त्याच क्रमाने सांगा आणि तुकडे करा. ‘डबा काढ.’ थांबा. काढला? ‘आता दप्तर ठेव.’ सुरुवातीला आपणच मंद झाल्यासारखं वाटतं, पण सवय होते. आणि ‘समजलं का?’ विचारणं बंद. त्याचं उत्तर त्याला पाठ आहे, मान हलवायची की सुटका होते. त्यापेक्षा ‘आता काय करणार आहेस, सांग बघू’ असं विचारा. त्याने चुकीचं सांगितलं तर तुमचं वाक्य कुठे फुटलं ते तुम्हालाच कळेल.

शाळेतून आल्यावर ‘काय झालं?’ हा प्रश्न त्याच्यासाठी फार मोठा आहे. ‘आज तुझ्याशेजारी कोण बसलं होतं?’ याला धरायला कडा आहे. ‘ते... ते’ करत अडकला की शब्द पटकन तोंडात घालू नका. मनात दहापर्यंत मोजा. दहा खूप लांब असतात, मोजल्याशिवाय कळत नाही. मग तो म्हणाला, ‘त्याने ते पाडलं’, तर ‘नीट सांग’ न म्हणता तुम्ही फक्त तेच वाक्य भरून परत करा: ‘हो का, त्याने बाटली पाडली?’ त्याच्याकडून वदवून घ्यायचं नाही. नवा शब्द इतर मुलांच्या डोक्यात चार-पाच वेळा ऐकून बसत असेल, तर त्याच्या डोक्यात बसायला कितीतरी जास्त वेळा ऐकावा लागेल, आणि दरवेळी ‘परवाच तर सांगितला’ हे तुमच्या ओठांवर येईल. ते तिथेच ठेवा.

बाईंना भेटा, पण तक्रार घेऊन नको. एकच मागा: सूचना देताना त्याच्या जवळ उभं राहून छोट्या वाक्यात द्या आणि फळ्यावर दोन शब्दांत लिहा किंवा चित्र काढा. याने वर्गातल्या आणखी कुणाचं तरी भलं होईल, तीस जणांत दोघं म्हटलं ना.

माराबद्दल. मारलंत ते चुकलं, हे तुम्हाला माहीत आहे म्हणूनच तुम्ही पत्र लिहिलंत. ही अडचण तुमच्या वागण्यातून आलेली नाही, तेव्हा तो दोष डोक्यावर घेऊ नका. त्याची माफी मागा, आणि इथेही लांब वाक्य नको. ‘मी मारलं. माझं चुकलं. तू ऐकत होतास.’ एवढंच. कारणमीमांसा त्याला झेपणार नाही आणि त्याला ती नकोही आहे.

राहता राहिलं ‘मीही असाच होतो’. हे वाक्य झटकू नका, थेरपिस्टला आवर्जून सांगा, कारण भाषेच्या अडचणी घराण्यात पुष्कळदा दिसतात. आणि पतींशी वाद घालण्याऐवजी एखाद्या रात्री मुलगा झोपल्यावर त्यांना सहज विचारा, वर्गात बाईंनी प्रश्न विचारला की तेव्हा तुम्हाला काय व्हायचं? इथेही दहापर्यंत मोजा.