कॉलेज फुटबॉलचा पॉडकास्ट काढताना: सामना संपल्यावर काय सांगणार?

तुम्ही तिघं सिरॅक्यूज विद्यापीठाचे माजी विद्यार्थी, तिथल्या डब्ल्यूएईआर रेडिओवर सामन्यांचं धावतं समालोचन केलेले, आता कॉलेज फुटबॉलवर, म्हणजे कॉलेजांच्या अमेरिकन फुटबॉलवर, पॉडकास्ट काढायचा म्हणताय आणि सुरुवात कुठून करावी असं विचारताय. जरूर काढा. बॉब कॉस्टस, माइक टिरिको, इयन ईगल हे नावाजलेले क्रीडा समालोचक ज्या स्टेशनवर बोलायला शिकले, तिथली तालीम तुमच्यापाशी आहे.

पण त्या तालमीतली एक सवय आधी सोडावी लागेल. रेडिओवर तुम्ही ऐकणाऱ्याचे डोळे असता: चेंडू कितव्या यार्डावर, डाउन (चेंडू पुढे नेण्याचा प्रयत्न) कितवा, घड्याळात वेळ किती. पॉडकास्ट ऐकणाऱ्याला यातलं काहीच नको असतं. शनिवारचा सामना त्याने पाहिलेला असतो, निदान निकाल तरी कळलेला असतो. त्याला हवं असतं ते ‘असं का झालं?’ याचं उत्तर. ३० नोव्हेंबर २०२४ चा मयामीविरुद्धचा सामना घ्या. सिरॅक्यूज ०-२१ असं मागे होतं आणि ४२-३८ ने जिंकलं. हा प्रवास क्रमाने पुन्हा वाचून दाखवलात तर लोक दहा मिनिटांत बंद करतील. त्यातल्या तीन-चारच चाली निवडा, त्या पुन्हा पुन्हा बघा, बचावफळी कुठे फसली ते उलगडून सांगा. सामन्याआधी खेळाडूंचे तक्ते भरायची जी मेहनत तुम्ही घेत होता, ती आता सामन्यानंतर घ्यायची आहे.

दुसरं, देशभराच्या फुटबॉलवर बोलू नका. वरच्या स्तरावरच १३० हून जास्त संघ आहेत आणि मोठ्या वाहिन्यांकडे त्यासाठी अख्खी फौज आहे. सिरॅक्यूजवरच बोला. १९५९ चं राष्ट्रीय विजेतेपद, दिग्गजांनी घातलेली ४४ नंबरची जर्सी, १९६१ मध्ये हाइजमन (कॉलेज फुटबॉलमधल्या सर्वोत्तम खेळाडूचा पुरस्कार) जिंकणारा पहिला कृष्णवर्णीय खेळाडू एर्नी डेव्हिस, हे सगळं जिव्हाळ्याने सांगणारी माणसं बाहेर कुठे मिळणार? आणि आजचा संघ दरवर्षी बदलतो. क्वार्टरबॅक, म्हणजे पास फेकणारा मुख्य खेळाडू, काइल मॅकॉर्ड ओहायो स्टेट विद्यापीठाहून आला, २०२४ च्या एकाच हंगामात ४,७७९ यार्डांचे पास फेकून देशात पहिला आला आणि गेला. १ जुलै २०२१ पासून खेळाडूंना स्वतःचं नाव जाहिरातींना वगैरे वापरू देऊन कमाई करता येते. २०२५-२६ पासून तर कॉलेजं त्यांना थेट पैसे देऊ शकतात, त्या पहिल्या वर्षी प्रत्येक कॉलेजला मर्यादा होती साधारण २ कोटी ५ लाख डॉलरची. माजी विद्यार्थ्यांकडे देणग्या मागितल्या जातात त्यामागे हेही एक कारण आहे. म्हणून यावर स्पष्ट बोला, कॉलेजचं चुकलं तर तेही सांगा. आपलं कॉलेज म्हणून सांभाळून घेतलंत, तर ऐकणाऱ्याच्या ते पहिल्याच भागात लक्षात येतं.

हक्कांचं नीट पाहा. सामन्याचं प्रक्षेपण आणि रेडिओवरचं समालोचन यांचे हक्क विकलेले असतात. तुमच्याच जुन्या समालोचनाची फीत वापरायची असली तरी स्टेशनला लेखी विचारा. विद्यापीठाचा लोगो मुखपृष्ठावर परवानगीशिवाय नको.

सामग्रीत फार अडकू नका. प्रत्येकाकडे एक बरा डायनॅमिक माइक, कानाला हेडफोन, आणि प्रत्येकाचा आवाज आपापल्या संगणकावर वेगळा रेकॉर्ड झालेला, एवढं पुरे. भाग रविवारी रात्रीच तयार ठेवा. मंगळवारनंतर लोकांचं लक्ष पुढच्या सामन्याकडे गेलेलं असतं.

तुमच्यापैकी कुणी अजून व्हिसावर असेल तर जाहिरातीचा पहिला डॉलर घेण्याआधी इमिग्रेशनच्या वकिलाला विचारा. हौसेने बोलणं आणि त्यातून कमावणं यात कायदा फरक करतो.

आणि हंगाम सुरू होण्याची, म्हणजे ऑगस्टची, वाट पाहू नका. वसंतातला सराव सुरू होतो तेव्हाच चार-पाच भाग करा. तिघांनी एकमेकांना न तोडता बोलायची लय बसायला तेवढा वेळ लागतोच.