मायलिन घडवणारी पेशीच आधी का मरते?

प्रश्न : फ्री रॅडिकल्सचा मारा मेंदूतल्या सगळ्याच पेशींवर होतो. मग ऑलिगोडेंड्रोसाइट आधी का बळी पडतात?
– बी.एस्सी.ची विद्यार्थिनी, धरमपेठ

ऑलिगोडेंड्रोसाइट म्हणजे मज्जातंतूंवर मायलिन हे स्निग्ध आवरण चढवणारी मेंदूतली पेशी. तिचं कामच तसं आहे. वजनाने मेंदू शरीराच्या जेमतेम २ टक्के, पण ऑक्सिजन घेतो २० टक्क्यांच्या आसपास. जिथे ऑक्सिजनचा वापर जास्त तिथे फ्री रॅडिकल्स, म्हणजे शेजारच्या रेणूंची मोडतोड करणारे अस्थिर रेणू, तेही जास्त. त्यात ही एकटी पेशी चाळीस-पन्नास मज्जातंतूंपर्यंत हात पोचवून त्यांना मायलिनचे वेढे घालते. मायलिनच्या कोरड्या वजनातला ७० ते ८० टक्के भाग स्निग्ध पदार्थांचा. ते तयार करणाऱ्या एन्झाइमांना लोह लागतं, म्हणून मेंदूतल्या पेशींपैकी सर्वांत जास्त लोह हिच्याकडे. पेशीत तयार होणारं हायड्रोजन पेरॉक्साइड वेळेवर निकामी झालं नाही, तर याच लोहाशी त्याची फेंटन अभिक्रिया होते आणि हायड्रॉक्सिल रॅडिकल जन्मतं. ते शेजारच्या स्निग्धाम्लावर तुटून पडतं, तिथून पुढच्यावर, अशी साखळी लागते. उघड्या बाटलीतलं जवसाचं तेल खवट होतं ते याच रसायनाने. ही साखळी थोपवणारं ग्लुटाथायोन मात्र या पेशीत कमी. लोह भरपूर, स्निग्ध भरपूर, बचाव तुटपुंजा. परीक्षेत एवढं लिहिलंस तरी पुरे. हवं तर एक ओळ वाढव : पूर्ण वाढलेल्या पेशीपेक्षा तिची अर्धवट वाढलेली अवस्था अधिक हळवी असते.

प्रश्न : आमचं बाळ २९ व्या आठवड्यात झालं. एमआरआयमध्ये व्हाइट मॅटरला इजा दिसते म्हणाले. ऑक्सिजन लावल्यामुळे हे झालं का?
– एक आई, मानेवाडा

ताई, एका रिपोर्टवरून एका कारणावर बोट ठेवता येत नाही. व्हाइट मॅटर म्हणजे मेंदूतला मायलिनने वेढलेल्या तंतूंचा भाग. साधारण २३ ते ३२ आठवड्यांच्या मेंदूत वर सांगितलेल्या अर्धवट वाढीच्या पेशींचाच भरणा असतो आणि त्यांची संरक्षक एन्झाइमं अजून पुरती तयार नसतात. मेंदूचा रक्तपुरवठा मध्येच घटला किंवा जंतुसंसर्ग झाला, तरी फ्री रॅडिकल्स उसळतात. ऑक्सिजनशिवाय कदाचित बाळ हाती लागलं नसतं. तो जास्त झाला तरी घातक, म्हणूनच एनआयसीयूत (नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात) रक्तातलं ऑक्सिजनचं सॅच्युरेशन साधारण ९० ते ९५ टक्क्यांच्या दरम्यान राखायचा प्रयत्न करतात. तुमच्या होकाराने बाळाचं वाईट झालं, हे मनातून काढून टाका.

या इजेत नव्या पेशी तयार होतात, पण पुष्कळदा त्यांची वाढ अर्ध्यावरच अडकते. तरीही मायलिन घडण्याचं काम पुढे कित्येक वर्षं चालतं. फिजिओथेरपी लवकर सुरू करा. शासनाच्या जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रात अशा बाळांची तपासणी होते.

प्रश्न : मला एमएस आहे. मे महिन्यात वर्धा रोडच्या सिग्नलवर थांबलं तरी डोळ्यापुढे धूसर होतं. नवा अटॅक असतो का?
– वाचक, खामला

बहुधा नाही. एमएस म्हणजे मल्टिपल स्क्लेरोसिस, शरीराची प्रतिकारयंत्रणाच मायलिनवर हल्ला करते तो आजार. विल्हेल्म उठोफ या जर्मन डॉक्टरांनी १८९० मध्ये हेच नोंदवलं होतं. मायलिन गेलेला तंतू अंग तापलं की संदेश नीट पुढे नेत नाही. गार वाटलं की पूर्ववत होतो. नवी इजा त्यात नसते. खऱ्या अटॅकमध्ये मायक्रोग्लिया आणि मॅक्रोफेज या प्रतिकार करणाऱ्या पेशी सुपरऑक्साइड, नायट्रिक ऑक्साइड ही फ्री रॅडिकल्स सोडतात, तेव्हा मायलिन जळतं. कूलरसमोर बसूनही लक्षण चोवीस तासांपेक्षा जास्त टिकलं, तर न्यूरॉलॉजिस्टना गाठा. सिगारेट असेल तर आजच सोडा, ती एमएसची चाल वाढवते.

प्रश्न : लोहाने असं होत असेल तर मुलीच्या ॲनिमियाच्या गोळ्या बंद करून संत्री आणि अँटिऑक्सिडंट कॅप्सूल द्याव्यात का?
– गृहिणी, नंदनवन

अजिबात नको. लोह कमी पडलं तर मायलिन घडणंच मंदावतं. रक्तातलं लोह थेट मेंदूत शिरत नाही, वाटेत अडसर आहे. आत गेलेलंही बरंचसं फेरिटिन या प्रथिनात बांधलेलं राहतं.

कॅप्सूलांबद्दल माझं मत कडक आहे : पैसे वाया. इडेबेनोन हे नावाजलेलं अँटिऑक्सिडंट एमएसच्या एका प्रकारात आजमावलं, फायदा दिसला नाही. अमेरिकेत २०१३ मध्ये मान्य झालेलं डायमिथाइल फ्युमरेट हे एमएसचं औषध पेशीची स्वतःची संरक्षण यंत्रणा जागी करतं खरं. पण ते पांढऱ्या पेशीही घटवतं, त्यामुळे रक्ततपासणीशिवाय घ्यायचं नाही.

संत्री जरूर द्या, आंबिया बहाराची असोत की मृगाची. त्यातल्या क जीवनसत्त्वाने गोळीतलं लोह चांगलं शोषलं जातं. गोळीवर लगेच चहा मात्र नको.