शहराच्या दीर्घकालीन आराखड्यातलं किनारा आणि निसर्गाचं प्रकरण अद्ययावत करताना आधी काय बघावं?

आधी किनारा नव्याने मोजा. जुन्या नकाशातली रेषा तशीच उचलली, की पुढचं सगळं चुकतं. १९०१ ते २०१८ या काळात जगातली समुद्रपातळी सरासरी सुमारे २० सेंटिमीटरने वाढली आणि वाढीचा वेग अजून चढताच आहे. आराखडा वीस वर्षांचा असला तरी त्यात परवानगी मिळालेली इमारत साठ-सत्तर वर्षं उभी राहते, म्हणून पूररेषा इमारतीच्या आयुष्याच्या हिशोबाने धरावी.

माझ्या मते खरा कस लागतो तो संरक्षक भिंतींच्या धोरणात. लाट भिंतीवर आपटून परतताना पायथ्याची वाळू ओढून नेते, शेजारच्या उघड्या किनाऱ्याची धूप वाढते. शिवाय पाणी वाढलं की पाणथळ जागा मागे सरकू पाहतात. मागे भिंत असेल तर त्या तिथेच बुडून संपतात. त्यामुळे त्यांच्या मागची मोकळी जमीन आजच राखून ठेवायला हवी. हे कलम बहुतेक वेळा राहून जातं, याचं मनापासून वाईट वाटतं.

अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्याने १९७१ मध्ये किनारा व्यवस्थापन कायदा केला. तिथल्या शहरांच्या किनारा आराखड्यांना आज एक कसोटी लागू आहे: विकास झाला तरी किनाऱ्याच्या परिसंस्थेच्या कार्यात निव्वळ घट होता कामा नये, म्हणजे निसर्गाचं कुठे नुकसान झालंच तर ते भरून निघालं पाहिजे. अशी कसोटी तुमच्या मसुद्यात स्पष्ट शब्दांत लिहा, आणि ती दर काही वर्षांनी कोण मोजणार तेही.